तीन मापे, चार गाठी

प्रताप नगर, नागपूर
५ जानेवारी २०२५

ती. ताईस,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार. वाकणाऱ्यालाही आणि न वाकणाऱ्यालाही.

आमचा भूपेश गाडी घेतो आहे. तुझ्या दुर्गेशला त्याने फोनवरून कळवले असेलच. मी फोनवर बोलू शकतो पण ऐकू शकत नाही, आणि नुसते आपणच बोलत राहणे शोभत नाही. तीस वर्षे हातमाग आणि नंतर चौदा वर्षे बुटीबोरीच्या गिरणीतले यंत्रमाग, एवढ्यात माझे कान खर्ची पडले. भूपेशने कानात घालायचे यंत्र आणून दिले आहे. ते लावले की फक्त छताचा पंखा ऐकू येतो. तेव्हा आपले पत्रच बरे.

दोन गाड्यांवर गोष्ट आली आहे. एक पांढरी, लांब आणि ठेंगणी, मागे डिक्की असलेली. दुसरी निळी, आखूड आणि उंच. भूपेशचे मन पांढरीवर आहे, सुनेचे निळीवर. माझे मत कोणी विचारले नाही म्हणून मी आपणहून सांगून टाकले, की ज्या गाडीत ताई बसेल ती गाडी घ्यायची. त्यावर जेवणाच्या ताटावर बराच वेळ शांतता होती, किंवा मला तसे ऐकू आले.

गुडघ्यात सळई घालून तुझा पाय कायमचा ताठ झाला, त्याला पाच वर्षे झाली. दवाखान्यातून उमरेडला तुला भूपेशच्या जुन्या छोट्या गाडीतून नेले होते. दोघांनी बगलेत धरले, एकाने कमरेला, आणि पलीकडच्या दारातून मी ओढले. तरी पाय खिडकीबाहेर राहिलाच. पाचगावला चहा प्यायला थांबलो तेव्हा चहावाल्याने आधी पायाला नमस्कार केला आणि मग आत कोण आहे ते पाहिले. घरी उतरल्यावर तू म्हणालीस, “आता गाडीत बसन तं माह्या मनानं बसन. नाई तं चौघं खांद्यावर नेतीन तवाच.” तेव्हापासून तू उमरेड सोडलेले नाहीस. मी भाऊबिजेला येत होतो, मागच्या भाऊबिजेला डेंग्यूने अंथरुणावर पडलो म्हणून तेही राहिले.

पूर्वी तू दर वर्षी महिनाभर येऊन राहायचीस. तू यावीस असे मला वाटते. याला दुसरे काही कारण नाही.

तुझा
बाबन

 

उमरेड
१४ जानेवारी २०२५

चि. बाबन,

आज संक्रांत आहे म्हणून सुरुवात गोड करते. पुढचे भरवशाचे नाही.

अक्षर लतिकाचे आहे. माझे मनगट दुखते म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. मी बोलते तसे लिही म्हटले तरी सून माझे बोलणे शुद्ध करून लिहिते, त्यामुळे या पत्रात मी कमी आणि तिच्या शाळेतल्या बाई जास्त आहेत.

पाचगावच्या चहावाल्याचे तू विसरला असशील असे मला वाटत होते. तू कामाचे तेवढे विसरतोस.

गाडी कोणाची, घेतो कोण, आणि तू मला मध्ये घालतोस. भूपेशची बायको काय म्हणत असेल! तरी आता विषय काढलाच आहेस तर नीट चौकशी कर. दुकानदार म्हणेल सीट मऊ आहे. मऊ सीटवर माणूस बसत नाही, बुडतो. बुडालेल्या माणसाला बाहेर काढायला परत चौघे लागतात. जमिनीपासून सीट किती उंच आहे ते बघ. दार किती उघडते ते बघ. आत हाताला धरायला काही आहे का ते बघ. मला कोणी ढकलायचे नाही, ओढायचे नाही, कमरेला हात लावायचा नाही. दार उघडून धरायला हरकत नाही.

खड्ड्यात पाय सोडून तीस वर्षे मागावर बसलास. बसण्यातले तुला कळते, एवढी एक गोष्ट मी मान्य करते.

मी येते असे अजून म्हटलेले नाही.

ताई

 

प्रताप नगर
२४ जानेवारी २०२५

ती. ताईस,

दोन्ही गाड्यांमध्ये बसून आलो. तुझ्यासारखे बसून आलो.

पलंगाच्या जुन्या दोन फळ्या आणि एक पंचा पिशवीतून नेला होता. पांढऱ्या गाडीच्या दुकानात सोफ्यावर बसून मी डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत बांधून घेतला. गाडी दाखवणारा विक्की नावाचा मुलगा आहे. तो वीस मिनिटे बोलला. मला एकही शब्द ऐकू आला नाही, त्यामुळे सगळे लक्ष सीटकडे देता आले. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ही सोय असावी.

पांढरीची मागची सीट लांब आहे, गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मांडीला आधार मिळतो. पाठ मागे कललेली आहे. मधला हात खाली पाडला की त्यात दोन पेले ठेवायचे खळगे आहेत, दोन्ही रिकामे. समोर जागा पुष्कळ. पण गाडी ठेंगणी. आत जाताना माझे डोके आधी गेले, मग मी गेलो, आणि पाय कुठे ठेवावा यावर मतभेद झाले. बसलो मात्र राजासारखा. उतरताना विक्की, भूपेश आणि दारावरचा चौकीदार लागले.

निळीच्या दुकानात मेघा नावाची मुलगी होती. तिने भूपेशला विचारले ते त्याने नंतर माझ्या उजव्या कानात ओरडून सांगितले.

“काकाजीचा पाय मोडला हाये तं दवाखान्यात न्या ना, इकडं काहून आणलं?”

“मोडला नाई, बांधला हाये.”

“काहून?”

“माह्या आत्यासाठी.”

यानंतर तिने चहा आणला.

निळीची सीट कडक आहे, पाटासारखी. पण ती बरोबर मांडीच्या उंचीला येते. तिच्यावर बसावे लागत नाही, टेकले की झाले. मागची जागा मात्र तोकडी. पुढची सीट पार मागे सरकवली तर पुढे चांगली चार विती जागा होते, पण मग तिच्या मागे मांजरही बसणार नाही. भूपेश म्हणाला, “आत्याले समोर बसवू, मंग मागं कोण बसन? गाडी आपल्याले घ्याची हाये का आत्याच्या पायाले?” त्याला दोन दिवस विचार करू दे.

पण माझा पाय म्हणजे तुझा पाय नव्हे. तुझे खरे माप हवे. आपले आबा घ्यायचे तसे धाग्यावर घे आणि पाकिटात घालून पाठव. तुझ्या धाग्यावर माझा विश्वास आहे. मी मागावर आणि तू खाली बसून तुटलेले धागे सांधायचीस, ते मला रोज आठवते. आबा विणलेल्या लुगड्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, “बोटाले लागली ते गाठ नोय, गाठोडं हाये.” माझी गाठ त्यांना दर हाताला सापडायची. तुझी एकदाही सापडली नाही.

बाबन

 

उमरेड
३ फेब्रुवारी २०२५

चि. बाबन,

फळ्या बांधून दुकानात गेलास हे लतिकाने वाचून दाखवले तेव्हा दुर्गेश जेवत होता. त्याला ठसका लागला. मला हसू आले नाही. भूपेशला लाज वाटली असेल, आणि तरी तो तुझ्या बरोबर उभा राहिला. पोरगा चांगला निघाला, तुझ्यावर गेला नाही.

धागा पाठवते आहे. लतिका टेप घेऊन आली होती. मी म्हटले, ते इंच-बिंच तू बघ, मला वीत आणि बोटे कळतात. पेटीत ताण्याचा उरलेला सुती धागा होता. टोकापासून पहिले माप माझ्या पलंगाच्या उंचीचे. त्याला मी विटा लावून घेतल्या आहेत, त्यावरून मी एकटी बसते आणि एकटी उठते. त्याच्या पुढचे माप कमरेपासून टाचेपर्यंत ताठ पायाचे. त्याच्या पुढचे, बसल्यावर कमरेपासून अंबाड्याच्या टोकापर्यंत. सगळे मीच मोजले आणि गाठी मीच मारल्या. लतिकाच्या हातात दिले असते तर पाय भिवापूरपर्यंत गेला असता. हे वाक्यही ती लिहिते आहे, बघ किती गुणी आहे.

पांढरीतून उतरायला तिघे लागले हे मला आवडलेले नाही.

थंडी कमी झाली. आंब्याला मोहर आला आहे, वासावरून कळते.

ताई

 

प्रताप नगर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

धागा घेऊन दोन्ही दुकानांत पुन्हा जाऊन आलो. विक्कीने या वेळी दार आधीच उघडून ठेवले होते आणि चौकीदाराला जवळ उभे केले होते.

तू मापे तीन लिहिलीस, धाग्यावर गाठी चार आल्या. एका मापाचे लिहायचे तू विसरलीस, हरकत नाही, मी लावून घेतले. पलंगाची उंची अडीच विती. त्यानंतर पाय तीन विती. त्याच्या पुढचे बिननावाचे माप वीतभरापेक्षाही दोन बोटे कमी, ते मी तुझ्या बसण्याची रुंदी म्हणून धरले. शेवटचे अंबाड्याचे.

ताई, तुझा पाय इतका आखूड कधी झाला? वयाने माणूस आखडतो हे मी ऐकले आहे, पण दोन्ही पायांनी सारखे आखडायला हवे. आणि वीतभर रुंदीत तू बसतेस म्हणजे फारच वाळली आहेस. लतिका जेवायला नीट घालते ना?

पण एका अर्थी चांगलेच झाले. पाय तीन विती असेल तर तू पांढरीच्या मागच्या सीटवर पाय समोर सोडून सरळ बसू शकतेस. धागा लावून पाहिला, टाचेच्या पुढे दोन बोटे उरतात. सीट तुझ्या पलंगापेक्षा सहा बोटे खाली आहे, त्यावर दोन गोधड्या घालू. गोधड्या घातल्या की अंबाडा छताला लागतो. तेवढा जरा खाली बांध.

मोजताना तुझी ती दुसरी गाठ पांढरीच्या सीटच्या कापडात दोनदा अडकली. विक्कीने कापड बघितले, मी गाठ बघितली.

भूपेश खूश आहे. रविवारी पांढरीची नोंदणी करतो.

बाबन

 

उमरेड
१८ फेब्रुवारी २०२५

बाबन,

नोंदणी केली असेल तर रद्द कर.

माझा पाय आखूड झालेला नाही. तुझी अक्कल झाली आहे. मी तीन मापे घेतली, तीन गाठी मारल्या. चौथी गाठ मापाची नाहीच. पाय मोजताना धागा आखूड पडला म्हणून तिथे दुसरा धागा सांधला, तो सांधा आहे. सांधा आणि मापाची गाठ यांत फरक कळत नाही, आणि म्हणे तीस वर्षे मागावर बसलो! आबा असते तर तुला पोरांबरोबर कांड्यांवर सूत भरायला बसवले असते.

पायाचे माप म्हणजे पहिल्या गाठीपासून, सांधा सोडून, त्याच्या पुढच्या गाठीपर्यंत. रुंदीचे माप मी दिलेले नाही आणि देणारही नाही.

लतिका मला पोटभर घालते. ती तुझ्यावर रागावली आहे.

ताई

 

प्रताप नगर
२२ फेब्रुवारी २०२५

ताई,

लतिका, हे पत्र वाचताना एकही ओळ गाळू नको.

ताई, फरक मला कळतो. ती गाठ मी माप समजलो, कारण ती तुझ्या सांध्याची असेल हे माझ्या मनातही आले नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी आहे. तुझे पत्र आल्यापासून मी ती अंगठ्याखाली धरून बसलो आहे.

मनगट दुखत असेल तर गाठ सैल बसते. ही सैल नाही, चांगली आवळलेली आहे. पण टोके चुकली आहेत. एक टोक दोनदा फिरले आहे आणि दुसरे त्याच्याजवळ आलेच नाही, म्हणून वरून तिसरा वेढा घातला आहे. टोके ज्याला दिसत नाहीत तो अशी गाठ मारतो.

इंच नकोत म्हणालीस. मोहर वासावरून कळतो म्हणालीस. सगळी पत्रे लतिकाच्या हातची. मी प्रत्येक वेळी हसलो आणि पुढे वाचले.

ताई, तुला दिसत नाही का?

मी आजच बसने निघणार होतो. मग वाटले, मी समोर आलो तर तू आवाजावरून माझ्याकडे बरोबर तोंड करून बसशील, चहा टाक म्हणशील, आणि मी फसून परत येईन. म्हणून विचारतो आहे. मला भीती वाटते आहे. खरे काय ते कळव.

बाबन

 

उमरेड
२७ फेब्रुवारी २०२५

ती. मामाजींना लतिकाचा नमस्कार.

हे पत्र माझे आहे. आई अंगणात बसल्या आहेत. त्यांना माहीत आहे मी काय लिहिते आहे, त्यांनी नको म्हटले नाही.

तुमचे पत्र मी सगळे वाचले. वाचून झाल्यावर आईंनी कागद मागून घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, “त्याले गाठ कशी सापडली वं? मी तं चांगली मारली होती.”

मामाजी, मागच्या राखीपासून आईंना दिसणे कमी झाले. दिवाळीत इथे डोळे तपासायचे शिबिर झाले. डॉक्टर म्हणाले दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, नागपूरला नेऊन ऑपरेशन करा, फार थांबाल तर मग हातात काही राहणार नाही. आता डाव्याने काहीच दिसत नाही, उजव्याने खिडकी कुठे आहे तेवढे कळते. ह्यांनी तीनदा भाड्याची गाडी आणली. तीनही वेळा आई दारापर्यंत आल्या, हाताने सीट चाचपली आणि घरात परत गेल्या. उचलून नेले तर जेवण सोडीन म्हणाल्या. तुम्हाला सांगायचे नाही अशी आम्हा दोघांना शपथ घातली होती.

मी एकदा विचारले, मामाजींना का नाही सांगायचे? तेव्हा म्हणाल्या, “त्याले आयकू येत नाई, मले दिसत नाई. हे त्याले समजलं तं तो पत्रं लिहिनं बंद करन.”

पेटीतला तो धागा त्या दोन दिवस घेऊन बसल्या होत्या. मी मदत करू का विचारले तर हात मागे घेतला. म्हणजे मामाजी, त्यांना यायचे आहे. ज्या गाडीत बसता येईल ती गाडी त्या तुमच्या पत्रातून शोधत आहेत.

आता आई म्हणत आहेत की एवढे पुरे, आणि गाडी कोणती ठरली ते विचार.

लतिका

 

प्रताप नगर
५ मार्च २०२५

ती. ताईस,

मी पत्र लिहिणे बंद करीन असे तुला वाटले. मी बहिरा आहे, बेअक्कल नाही. लतिका वाचेल आणि तू ऐकशील. उद्या माझेही डोळे गेले तर भूपेश लिहील. टपाल चालू आहे तोवर आपले चालू राहील.

लतिकाचे पत्र वाचून मी रडलो. घरात कोणाला कळले नाही असे मी समजत होतो, पण रडताना किती आवाज होतो ते मला ऐकू येत नाही. भूपेश धावत आला. पत्र वाचून तो उजव्या कानाशी येऊन म्हणाला, “बाबा, आत्या बसन तेच गाडी.” पांढरीची नोंदणी झाली होती, ती त्याने स्वतः जाऊन रद्द केली. विक्कीला वाईट वाटले. चौकीदाराला नाही.

तुझा पाय चार वितींना दोन बोटे कमी. माफ कर. निळीची पुढची सीट पार मागे सरकवली की बरोबर बसतो. सीटची उंची तुझ्या पलंगाएवढी, अर्ध्या बोटाचा फरक आहे. अंबाड्याच्या वर चार बोटे उरतात, हवा तसा बांध. दाराच्या वर धरायला मूठ आहे. कडक सीटचे मी वाईट लिहिले होते ते मागे घेतो.

बसायचे असे. गाडीकडे पाठ करून उभी राहा. मांडीला सीट लागली की टेक. उजव्या हाताने डोक्यावरची मूठ धर आणि पुढे वळ. वाकणारा पाय आधी आत घे, ताठ पाय त्याच्या मागोमाग येतो. यात डोळ्यांचे काही काम नाही, मी डोळे मिटून, फळ्या बांधून अकरा वेळा केले. मेघाने मोजले. बाराव्या वेळी तिनेही करून पाहिले.

नागपूरला डॉक्टरांशी भूपेश बोलून आला आहे. आधी उजवा डोळा करतील. होळी झाली की रविवारी, १६ तारखेला सकाळी आम्ही येतो. दुर्गेश आणि लतिका दोघांनाही घेऊ. भूपेश चालवेल, तू त्याच्या शेजारी. मी तुझ्या मागेच बसेन, म्हणजे काही लागले तर मला हात मागे करून सांगता येईल.

मागच्या जागेची काळजी करू नको. ऐसपैस आहे. मी मोजली आहे.

बाबन

 

उमरेड
१७ एप्रिल २०२५

चि. बाबन,

हे अक्षर माझे आहे. ओळी वर चढल्या आहेत त्या डोळ्यामुळे नाही, सवय गेली म्हणून. लतिका शेजारी बसून चुका काढते आहे. मी तिला उठवले.

महिनाभर तुझ्याकडे राहिले त्याचे आभार मानणार नाही. भावाच्या घरचे आभार मानायची रीत आपल्यात नाही. भूपेशच्या बायकोला मात्र सांग, तिच्या हातची कढी मला आठवते.

गाडीबद्दल लिहिते, कारण आता मी ती पाहिली आहे. तू लिहिलीस त्यापेक्षा ती पुष्कळ जास्त निळी आहे. सीट कडक आहे, चांगली आहे. पाठ दुखली नाही. पायाला समोर बोटभर जागा उरली होती, त्यात मी टाच हलवू शकत होते. वारा तोंडावर फार येतो, त्याचे भोक फिरवता येते हे भूपेशने नंतर सांगितले. तुझी बसायची रीत बरोबर होती. १६ तारखेला मी माझ्या मनाने बसले. कोणी धरले नाही. दुर्गेश हात पुढे करत होता, लतिकाने त्याच्या हातावर चापटी मारली ती मला ऐकू आली. त्या दिवशी मला गाडीचे एवढेच कळले, की मी आत आहे, पाय आत आहे आणि दार लागले आहे. मला फार बरे वाटले बाबन. 

परवा येताना पाचगावला चहाला थांबलो. चहावाला तोच आहे. पाय आत असल्यामुळे त्याने मला ओळखले नाही.

आता दुसरी गोष्ट. जाताना तू सगळ्या रस्त्याने मागून ओरडत होतास, “ऐसपैस हाये वं ताई, चिंता नको करू!” मी म्हटले, असेल. मला दिसत नव्हते. येतानाही तेच ओरडत होतास. तेव्हा पाचगावच्या पुढे मी मान वळवून मागे पाहिले.

तुझे गुडघे तुझ्या हनुवटीला लागले होते. एक हात डोक्यावरून मागे गेला होता, दुसरा कुठे होता ते कळले नाही. दुर्गेश तुझ्या अंगावर आणि लतिका दुर्गेशच्या अंगावर. गाल काचेला चिकटलेला. डोळे मिटले होते आणि तू म्हणत होतास, ऐसपैस हाये.

मांजरही बसणार नाही असे तूच लिहिले होतेस. लतिकाने मला ते वाचून दाखवले होते. मी विसरले. माझा पाय चार विती, अंबाडा किती, उंची किती, सगळे तू मोजलेस. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने स्वतःसाठी एक धागा तरी लावून बघायला नको होता का?

मला रडू आले. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून मी पुढे पाहिले.

डावा डोळा दिवाळीआधी करायचा आहे. त्या वेळी दुर्गेश आणि लतिका बसने येतील. तू भूपेशच्या मागे बसायचे, पाय पसरून. हे मी ठरवले आहे, उलट लिहू नको.

सोबत धागा पाठवते. मापाचा नाही. मध्ये तोडून एका ठिकाणी सांधला आहे. सांधा सापडला तर कळव.

ताई

 

प्रताप नगर
२५ एप्रिल २०२५

ती. ताईस,

कार्डावरच लिहितो, पाकिटाएवढा मजकूर नाही.

धागा मंगळवारी मिळाला. त्या दिवसापासून अंगठ्याखालून फिरवतो आहे. सुनेने चष्मा लावून पाहिला. भूपेशने मोबाइलचा दिवा लावून पाहिला. आज शेवटी आबांसारखे डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बघितले.

सापडला नाही.

बाबन